फटफटीचा उतार

आमच्या कॉलेजची इमारत जुनी, कवेलूंच्या छपराची, आणि दाराशी तीन चांगल्या उंच पायऱ्या. मागे तिला नवं रूप द्यायचं ठरलं. छपरावर सोलर, पावसाचं पाणी जुन्या विहिरीत, आणि सगळ्यांना आत येता यावं म्हणून पायऱ्यांशेजारी उतार. देखरेख माझ्याकडे होती. मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं, हे ठाऊक असल्यामुळे कोणी आलंही नाही.

उतार मुख्यतः एकीसाठी होता. तिरोड्याकडची मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, चाकाच्या खुर्चीतून यायची. रोज दोन मुलं आणि मी तिची खुर्ची उचलून वर न्यायचो. आपण मोठं पुण्य करतोय असं मला वाटायचं. ती तेवढा वेळ मान वळवून विहिरीकडे बघत राहायची. एम.ए.पण इथेच कर, असं मी म्हटलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं की अजून दोन वर्षं पोत्यासारखी उचलली जाणार नाही. उतार झाला तर येईन, नाहीतर शिक्षण इथेच संपलं.

बांधकामावरच्या मिस्त्रींनी आठवड्यात उतार बांधला. इकडे छपरीत, म्हणजे ओसरीत, फटफटी चढवायला घरोघरी असतो तसाच, आखूड आणि उभा, वर आडव्या रेघा मारलेला. मी माझी फटफटी झोकात चढवली, उतरवली आणि पसंतीची सही ठोकली. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, असं लिहिलेला कागद माझ्याच कपाटात पडून होता.

दुसऱ्या दिवशी मुलीने खुर्ची उतारावर घातली. अर्ध्यात चाकं थांबली आणि खुर्ची मागे सरकू लागली. मी धावत जाऊन धरली. ती घाबरली नव्हती, संतापली होती.

"सर, हा फटफटीसाठी बांधला का माझ्यासाठी?"

मी वळून मिस्त्रींवर ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग मुलीला बाकावर बसायला सांगून तिची खुर्ची मागितली, स्वतः बसले, आणि दोनदा चढायला जाऊन दोनदा मागे आले.

"तुमी गाडी चढवून पाहिले, मी बी खूश झालो," ते म्हणाले. "पन या पोरीले आपन कोनीच विचारलो नाही."

प्राचार्यांना मी चूक माझी असल्याचं सांगून आलो, तोवर मिस्त्रींनी उतार फोडायला घेतला होता. नवा उतार लांब निघाला, वाटेत करंजाचं झाड आलं. मी तोडा म्हणणार होतो. त्यांनी उतारालाच वळसा दिला. एरवी धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी एका पातळीत उभं करणारा माणूस तो, बोटभर चढही त्याच्या नजरेतून सुटत नव्हता. तरी रोज मुलीला विचारायचे. मधे दम घ्यायला सपाट जागा तिनेच मागितली. त्या दोघांचे माझ्यावर उपकार आहेत, आणि हे मी त्यांना सांगितलंही आहे.

एम.ए.च्या पहिल्या दिवशी ती आली. मी सवयीने बाह्या सरसावून, हात पुढे करून वर उभा. करंजाखाली ती थांबली, दम घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, बाजूले व्हा. मी येऊन राहिली."

मी भिंतीला चिकटलो. ती माझ्या शेजारून पुढे गेली, आणि पहिल्यांदाच मी तिच्या मागून वर्गात शिरलो.