अर्धं बोट खोल

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाल्कनीत पिवळी फुलं कापत होतो. फोन आला. दत्ताराम काका गेले.

त्यांच्या पोटावर पाय मी दिला होता.

१९८१. बहरीनमध्ये, जुफैरला एका ऑस्ट्रेलियन साहेबाचा बंगला. माळी दोन, काका आणि मी. माझा व्हिसा काकांनीच करून दिला होता, एकाच वाडीतले म्हणून.

साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून एकच माळी.

मी नवा. म्हणजे मीच जाणार. जेवण जाईना.

मॅडमनी त्यांच्याकडच्या रानफुलाचं बी दोघांना अर्धं अर्धं दिलं. पिवळं फूल, पाकळ्या कागदासारख्या, सुकलं तरी रंग जात नाही.

ज्याचं उगवेल तो राहील, म्हणाल्या.

पाकीट काकांकडे, सीनियर म्हणून. त्यांना वाचता येत नव्हतं. मी सातवी नापास, पण स्पेलिंग पक्कं.

"काय लिवलेला आसा रे?"

इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, बी झाकू नका, उजेड लागतो. पाणी बेताचं.

मी सांगितलं, "अर्धं बोट खोल पुरायचं. वर खत. दोन वेळा भरपूर पाणी."

काकांना पटलं. आपल्याकडे असंच करतात.

माझं बी मी ट्रेमधल्या वाळूवर नुसतं भुरभुरवलं. ते बघून काका हसले.

"मेल्या, उघड्यार टाकलंस? पाखरां खातली!"

आणि स्वतः जाळी आणून माझ्या ट्रेवर घातली.

मी थँक्यू म्हटलं.

बाराव्या दिवशी माझं उगवलं. काकांनी बोटाने आपली माती उकरली. बी कुजलं होतं.

"सॉरी, दत्ताराम," मॅडम म्हणाल्या.

खलास.

विमानतळावर काका म्हणाले, "तुझो हात चांगलो आसा."

पुढे वीसेक वर्षांनी अचानक दर दिवाळीला त्यांचा फोन यायला लागला. एकच प्रश्न.

"फुलां कशी आसत? पाणी रोज घालतंस मा?"

आणि खो खो हसायचे. मला वाटायचं, माया आहे.

आज फोनवर त्यांची नात होती.

"आजोबांच्या पेटीत बियांचं एक पाकीट आहे. मी पाचवीत असताना त्यांना वाचून दाखवलं होतं, अर्थ सांगून."

"मग?"

"त्यांनी पाकीट परत पेटीत ठेवलं. मग म्हणाले, त्याका सांगू नको. आता मी इचारतंय दर दिवाळीक."

काका, पाणी रोज घालत नाही. कधीच घातलं नाही.

भावपूर्ण लिहायला हात धजत नाही.

नुसती श्रद्धांजली.