देवी आली नाही तो मंगळवार

शेजारणीने ऊद जाळला की मिरजेतल्या या फ्लॅटमधून मी थेट औंधजवळच्या आमच्या घरी पोचते.

दर मंगळवारी आईच्या अंगात यमाई यायची. त्या आठवड्यात टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात एक नट साडी नेसून, केस मोकळे सोडून घुमला. आम्ही पोट धरून हसलो. आईसुद्धा हसली.

मंगळवारी उदाच्या धुरात हलगी वाजू लागली. आईने केस सोडले, अंग थरथरलं आणि तिची नजर आमच्यावर पडली. आम्ही हसत नव्हतो, श्वास रोखून बसलो होतो. तरी ती थांबली. हलगी वाजतच राहिली. वडील हात जोडून ताटकळले.

"आवं, ऱ्हाऊ द्या. न्हाई येत ती आज," केस बांधत आई म्हणाली.

देवी पुन्हा आलीच नाही. शाळेत आता कुणी चिडवणार नाही, म्हणून मला हायसं वाटलं.

सातवीनंतर माझी शाळा सुटली नव्हती, ती देवीने तेव्हा वडिलांना दरडावलं होतं म्हणून. दहावी झाल्यावर "पोरीला शिकू द्या," असं आई स्वतःच्या आवाजात म्हणाली.

वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला.