डावीकडची साखळी

रविवारचे तीन वाजलेत. साडेचारला आमच्या सायकल क्लबातला भरतेश मगदूम जोडसायकल न्यायला येणार आहे, म्हणून मी नुसती पाठ टेकलेय. झोपायचं नाही असं स्वतःला बजावून. वर पंखा टक्, टक् करत फिरतोय. थोड्या वेळानं तो आवाज पंख्याचा राहत नाही, पॅडलचा होतो, आणि मला कळतं की आपल्याला झोप लागतेय. उठावं असं वाटतं. उठवत नाही.

पॅसेजमध्ये हे उभे आहेत.

हे म्हणजे माझे यजमान, अजित चौगुले. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे. जाऊन दहा महिने झाले. अंगात तेच चमकतं पिवळं जाकीट आहे. सायकलवरची जुनी चादर त्यांनी काढलीय आणि नीट चौघडी घालून कपाटावर ठेवलीय. जिवंतपणी या माणसानं कधी टॉवेलची घडी केली नाही.

"चाकात हवा नाही," ते म्हणतात.

"कोण भरणार?"

"तू की. दुसरं कोण हाय?"

गेले तरी हुकूम सोडायची सवय गेलेली नाही. मला हसू येतं आणि त्याच हसण्यात रडूही येतं.

ही सायकल त्यांनीच बनवली. दोन जुन्या सायकली कापून, जोडून. पुढे एक सीट, मागे एक सीट, पॅडलच्या दोन जोड्या. दोन्ही जोड्या एका साखळीनं एकमेकींना बांधलेल्या, आणि ती साखळी डावीकडे. एरवी सायकलची साखळी उजवीकडे असते, म्हणून सायकलवाल्यांची उजवी पोटरी काळी होते. आमची डावी व्हायची. हे पुढे बसायचे, हँडल, ब्रेक सगळं त्यांच्याकडे. मी मागे, त्यांच्या पाठीकडे बघत.

तिच्यावरून आम्ही ब्रेव्हे करायचो. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटर सगळ्यांनी मिळून निघायचं, वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्के घ्यायचे आणि ठरलेल्या तासांत परत यायचं. पहिल्या आलेल्याला काही मिळत नाही. पण एका वर्षात चारही पुऱ्या केल्या की पदक मिळतं. ते पदक मला हवं होतं. यांना नव्हे, मला. पन्नाशी उलटलेल्या बाईला अशी हाव सुटावी, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते.

आणि त्या हावेपायी मी जे केलं ते दहा महिने कुणालाच सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. सायकल घरात असली की पॅसेजमधून जाताना ती मला ओळखते. म्हणून तर देऊन टाकतेय.

"बसलीस?" हे विचारतात.

हा आमचा नियम. पहिल्या वर्षी जतला चहाच्या टपरीवरून हे मला न घेताच निघाले होते. उतार होता, वारा पाठीशी होता, आणि हे माझ्याशी बोलत बोलत चांगले अर्धा किलोमीटर गेले. मी टपरीपाशी ग्लास हातात धरून उभी. क्लब वर्षभर हसला. "काकू मागं पाय मारतच न्हाईत, मग काकांना फरक कसा कळंल?" तेव्हापासून मी "बसले" म्हटल्याशिवाय सायकल हलायची नाही.

"बसले," मी म्हणते.

पॅसेजच्या फरशा संपतात तिथे ढालगावचा माळ सुरू होतो. वारा तोंडावर येतोय, पण पवनचक्क्यांचं एकही पातं हलत नाही. ऊन आहे, सावल्या नाहीत. पुढच्या वळणावर ठाणं लागतं, तर तो आमच्याच स्वयंपाकघरातला ओटा. ओट्यावर शिक्का आहे, शाईचा पॅड आहे, माणूस नाही. मी शिक्का दाबते. कार्डावर काही उमटत नाही.

"पॅड वाळलाय," मी म्हणते.

"मग राहू दे की. चल."

आम्ही ओट्याला वळसा घालतो आणि दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात शिरतो. फिनेलचा वास. दोन्ही बाजूंना खाटा. हे खुशाल घंटी वाजवतात.

"अहो, हळू! पेशंट झोपलेत."

"झोपू देत."

त्यांची पाठ माझ्यासमोर आहे, जाकिटावर घामाचा तोच जुना नकाशा. तोंड दिसत नाही म्हणून बोलायचं बळ येतं.

"अहो, मला एक सांगायचंय."

"सांग की. तोंड कुणी बांधलंय?"

"चारशेच्या वेळी विजापूरहून परत येताना तुमच्या पायांत जोर नव्हता."

चाकं फिरतायत.

"मला कळत होतं. तुम्ही जोर सोडला की साखळीतून माझ्या पायाला कळायचं. एकदा नाही, नंतरचे तीन आठवडे, रोजच्या सरावालासुद्धा. मी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही सहाशे सोडली असती. मी आपली मागून दुप्पट दाबत राहिले. तुम्हाला कळू नये म्हणून."

आता थांबता येत नाही.

"सहाशेला अकरा दिवस राहिले होते. तुम्ही बुटाची नाडी बांधायला बसलात ते बसलेलेच राहिलात. इथेच आणलं होतं तुम्हाला. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास जाणवला होता का, कुणाच्या लक्षात आलं होतं का? मी नाही म्हणाले. साफ नाही म्हणाले."

व्हरांडा संपत नाही. हे पाय मारतायत, आणि त्यांच्या पायांत आज भरपूर जोर आहे. मला काही करावंच लागत नाही.

"साखळी एकच हाय न्हवं?" हे म्हणतात.

"म्हणजे?"

"तू मागनं दाबत हुतीस, ते मला लागत नव्हतं व्हय? जतला तुला सोडून गेलो, तवापासनं माझं सगळं ध्यान पायातच. तू जांभई दिलीस तरी मला कळायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला पदक पाहिजे हुतं."

मी त्यांच्या पाठीवर बुक्की मारते. जोरात. पाठ ऊबदार आहे.

"आणि भ्या वाटत हुतं," ते हळूच म्हणतात. "डॉक्टरकडं गेलो की सायकल बंद. म्हटलं, झाकली मूठ ऱ्हाऊ दे."

दोघांनाही माहीत होतं. एकाच साखळीवर चौदा चौदा तास बसून दोघं एकमेकांना फसवत होतो, आणि फसत कुणीच नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही. एक शब्द, कुणीही, कधीही बोललं असतं तर हा माणूस आज घरी पेपर वाचत बसला असता. मी रडते, मोठ्यांदा, खाटांवरच्या माणसांची पर्वा न करता. पण खाटा आता नाहीत. जतची टपरी आहे. मी उतरलेय, आणि माझ्या हातात चहाचा ग्लास आहे.

हे सीटवर बसलेत, एक पाय जमिनीला. पुढे उतार आहे.

या खेपेला ते विचारत नाहीत. पाय उचलतात आणि निघतात.

"अहो, थांबा!" ग्लास टाकून मी धावते. मागची सीट हाताला लागते, मी ती धरून पळते, साखळी पायाला घासते. "अहो, मी बसले नाही! मी बसले नाही अजून!"

"म्हाईत हाय की," ते मागे न बघता म्हणतात.

सीट हातातून सुटते. पिवळं जाकीट उतारावरून लहान होत जातं. मागची पॅडल रिकामीच फिरतायत, कुणीतरी बसल्यासारखी.

घंटी वाजते. सायकलची नाही, दाराची. पंखा टक्, टक् करतोय. उशी ओली आहे. पॅसेजमधून जाताना पाहते, सायकलवर चादर जशीच्या तशी आहे, धुळीसकट.

दारात भरतेश आणि त्याचा हात धरून रेश्मा. रेश्मा बँकेत टेलिफोनवर असते. तिला दिसत नाही. पुढच्या महिन्यात भरतेशच्या मागे बसून ती पहिली दोनशे करणार आहे. कधीची ती या दिवसाकडे डोळे लावून आहे, असं ती स्वतःच म्हणते आणि स्वतःच हसते.

"काकू," आत पाऊल टाकताच ती थांबते. "वंगणाचा वास येतोय. सायकल चालवलीत काय?"

"नाही गं."

भरतेश माझ्या पायांकडे बघतोय. मी गाऊन जरासा उचलते. डाव्या पोटरीवर साखळीच्या चाकाच्या दात्यांची काळी, ओली ओळ उमटलीय. उजवा पाय स्वच्छ आहे.

भरतेश खिशातला रुमाल पुढे करतो. मी नको म्हणते. रेश्माचा हात धरून तिला सायकलपाशी नेते, चादर काढते आणि तिचा हात डावीकडच्या साखळीवर ठेवते.

"ही बघ. पुढच्याचे पाय जड झाले की सगळ्यात आधी तुला कळेल," मी म्हणते. "डॉक्टरच्या आधी, त्याच्या स्वतःच्या आधी. कळलं की तोंडानं बोलायचं. शिक्के गेले तरी चालतील."

"आणि नाही बोलले तर?"

भरतेश मान वर करून माझ्याकडे बघतो.

"मी नव्हते बोलले," मी म्हणते. "बसा दोघं. सगळं सांगते. आधी चाकात हवा भरू दे."