उद्याच्या झडपेची वाट पाहणारे इंगळे सर

डॉ. इंगळे सरांची आणि माझी पहिली भेट बकऱ्याच्या हृदयावरून झाली. बुलढाण्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायला मी रुजू झाले, त्याच दिवशी विभागप्रमुख या नात्याने त्यांनी मला ते बाजारातून आणायला पाठवले. मी शुद्ध शाकाहारी घरातली. नाकाला पदर लावून ते आणले आणि मनातल्या मनात राजीनामा लिहिला. सरांनी ते कापून महाधमनीची झडप नळाखाली धरली. वरून पाणी सोडताच तिच्या तीन पाकळ्या मिटल्या, थेंबभरही खाली गेले नाही. “माणसाला हे अजून बनवता येत नाही,” सर म्हणाले. राजीनामा राहून गेला.

सरांची उमेदीची वर्षे याच झडपेमागे एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. रोग्याच्याच शरीरातल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून निरनिराळ्या पेशी तयार होतात त्या, झडपेच्या आकाराच्या जाळीवर वाढवायच्या. पुढे जाळी विरघळावी आणि जिवंत झडप उरावी. लहान मुलाला बसवली तर मुलाबरोबर वाढावी, दुसरी शस्त्रक्रिया लागू नये, हे त्यामागचे स्वप्न. मेंढ्यांमध्ये ती सुरुवातीला छान चाले, मग पाकळ्या आकसत. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाची मी संपादिका, आणि गौरवग्रंथात अशा गोष्टी झाकायच्या असतात. पण सरांनी तपासायला दिलेल्या प्रत्येक मुद्रितातून माझा ‘यशस्वी’ हा शब्द खोडला आणि समासात लिहिले, ‘पाकळ्या आकसल्या, तेही छापा.’ सत्याचा एवढा आग्रह संपादिकेला परवडत नाही.

या कामावर ते गावोगाव बोलत. धामणगाव बढ्याच्या व्याख्यानाला कापडाचे व्यापारी रशीदभाई आले होते. त्यांची मुलगी रुबीना हिची झडप लहानपणीच्या सांधेतापाने खराब झाली होती, शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली होती. व्याख्यान ऐकून त्यांनी ती रद्द करायचे ठरवले आणि तसे सांगायला ते सरांच्या घरी आले. मी तिथेच होते. रशीदभाई म्हणाले, “तुमीच त सांगतलं सर, जिती झडप बनून राह्यली. मंग पोरीले धातूची काऊन बसवू?”

वर्गात शुद्ध बोलणारे सर त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलले. “भाई, ते येईन तवा येईन. पोरीले आज दम लागून राह्यला. आज जे हाये, ते बसवा.”

नुसते सांगून ते थांबले नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी रशीदभाईंबरोबर दवाखान्यात बसून राहिले. धातूच्या झडपेमुळे रुबीनाला रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची लागली. तिच्या रक्ताच्या तपासणीला पुढे कितीतरी वर्षे सर स्वतः बरोबर जात. आज ती शाळेत विज्ञान शिकवते.

आता माझ्या वैतागाकडे वळते. गेल्या वर्षी सरांची स्वतःची महाधमनीची झडप अरुंद झाली. डॉक्टरांनी जनावराच्या हृदयावरच्या पडद्यापासून केलेली झडप लवकरात लवकर बसवायला सांगितले. सर म्हणतात, जरा थांबू, मूळपेशींवर फार चांगले काम चालू आहे. दोन पायऱ्या चढून धापा टाकतात आणि आम्हाला नवे शोधनिबंध वाचून दाखवतात. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांनी शेगावला जाऊन साकडे घातले. सरही बरोबर गेले, दर्शनबारीत मटकन बसले आणि म्हणाले, आज उकाडा फार आहे. मी शेवटी तोंडावर विचारले, वाढणारी झडप लेकरांसाठी असते, पंचाहत्तरीत आपण आणखी किती वाढणार? यावर ते हसले आणि चहा मागवला. पालथ्या घड्यावर पाणी ओतून माझे हात दुखले. सर गेले तर या ग्रंथाचे मी काय करू, हे मात्र त्यांना विचारायचे धाडस झाले नाही.

मग गौरव समितीची बैठक त्यांच्याच घरी भरली. ग्रंथप्रकाशनाचा सोहळा पार पडू द्या, मग झडपेचे बघू, असे सर म्हणाले. समितीवर असलेली रुबीना कोपऱ्यात बसली होती.

“सर, ते येईन तवा येईन,” ती म्हणाली. “आज जे हाये, ते बसवा.”

सरांनी चष्मा काढून पुसला. काकू आत निघून गेल्या. मग सर हळूच म्हणाले की, सोहळ्याची तारीख डॉक्टरांना विचारून ठरवा. आम्हीही तिथल्या तिथे ठराव केला. सर शस्त्रक्रिया करून घरी येईपर्यंत ग्रंथाची एकही प्रत बाहेर जाणार नाही. बोलणे फिरवण्यात सरांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, म्हणून ही खबरदारी. छापलेले गठ्ठे माझ्या घरी कुलपात राहतील आणि किल्ली रुबीनाकडे.

तेव्हा वाचकहो, हा लेख आपल्या हाती पडला असेल तर सर घरी आले आहेत, असे समजावे. सर, आता खुशाल शंभर वर्षे जगा आणि तुमची ती जिवंत झडप एखाद्या लेकराच्या छातीत वाढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.