नलूनं स्वतः मागितलेला कौल

माझी लेक शकू, तिच्या पाचव्या वर्षी मी देवीशी बोलणं टाकलं. देव्हाऱ्यात दिवा सासूबाई लावायच्या आणि मी तिकडं पाठ करून भाकरी थापायची. लोक देवापुढं रडतात. मला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता, आणि तो असा की देवीची तसबीर खुंटीवरून काढून भिंतीकडं तोंड करून ठेवावी. तेवढं केलं नाही इतकंच. ही कसली भक्ती, असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे! जे झालं ते सांगते.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. आम्ही सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, नवरा कचेरीत कारकून. नवरा म्हणजे माझा आतेभाऊच; सासूबाई माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहीण, म्हणून लग्नानंतरही मी त्यांना आत्याच म्हणायची. आमच्यात भावाची लेक बहिणीनं सून करून न्यायची ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

माझी शकू सहा महिन्यांची असल्यापासून पांढरीफटक. गल्लीतल्या डॉक्टरनं रक्त वाढायला लोहाचं औषध लिहून दिलं. मी त्यावर कडी केली. भाजी लोखंडी कढईतच करायची, वर गूळ, खजूर, अळिवाची खीर. पोर तोंड फिरवायची, तर नाक दाबून भरवायची. दोन वर्षं हे चाललं. शेवटी पोट टम्म झालं तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "बाई, हिच्या अंगात लोह आधीच साठतंय. आता महिन्याच्या महिन्याला रक्त चढवावं लागेल, त्यानं आणखी साठेल. तुम्ही कशाला भर घालताय?" ज्या हातांनी मी तिला भरवलं होतं त्या हातांकडं बघून मला माझीच चीड आली. घरी आल्यावर ती कढई मी अंगणात भिरकावून दिली.

आजाराचं नाव थॅलेसेमिया. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. आईच्या रक्तात अर्धा दोष, बापाच्या रक्तात अर्धा. अर्ध्यानं माणसाला काही होत नाही, पण दोन्ही अर्धे एका लेकरात आले की असं होतं, आणि नात्यातल्या लग्नांत हे जास्त घडतं. मग म्हणाले, रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं, परदेशात तो मगजच बदलून बघायला लागलेत. ह्या आजारावर अजून नाही, पण येईल दिवस. मी विचारलं, "कधी?" ते चष्मा पुसायला लागले. येईल दिवस म्हणे! माझी पोर इथं सुईला शीर सापडत नाही म्हणून आधी दोन्ही हातांत, मग पायात टोचून घेत होती.

अशात आत्यांनी धाकटा मुलगा सुरेश, म्हणजे माझा दीर, ह्याच्यासाठी माझी धाकटी बहीण नलू मागितली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासा. दोघांतही तो दोष निघाला तर पुन्हा एक शकू जन्माला येईल.

"माज्या आयेनं, आजीनं, समद्यांनी नात्यातच केलं की," आत्या म्हणाल्या. "कुणाला काय झालं? आन् रगात तपासलं, त्यात खोट निगाली, तर पोरीला बट्टा. उद्या बाहेरचं तरी कोन करील तिला?"

खरं सांगायचं तर त्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, भीती होती. ते मला आज कळतं, तेव्हा कळलं नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. वडिलांनी भांडण मिटवायला आमची नेहमीची वाट धरली: करमाळ्याकडं आमच्या गावची भवानी आहे, तिला कौल लावायचा.

कौल म्हणजे असा. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवतो. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सकाळची वेळ, गर्दी बेताची. आत्यांनी पदर पसरला आणि विचारलं, "आई, नलू आन् सुरेशचं लगीन करू का?" शकूचं नाव नाही, आजाराचं नाव नाही. घटकाभरात उजवं फूल टपकन पडलं. वडिलांनी हात जोडले, आत्यांचा चेहरा फुलला.

मला काय झालं मला माहीत नाही. शकूला कडेवर घेऊन मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेले आणि ओरडले, "डोळे आहेत का तुला? ही बघ! एकीचे हे हाल केलेस ते पुरे नाहीत का? अजून किती पाहिजेत?" वडील माझा दंड धरून ओढायला लागले. शकू घाबरून रडायला लागली.

आमच्या मागं कौलासाठी एक बाई उभी होती. परगावची असावी, विटकं लुगडं, हातात नारळ. ती शांतपणे म्हणाली, "देवीवर कशापायी वरडती, बाय? जिचं लगीन हाय तिनं कुटं इचारलंय? ज्येचं काम त्येनंच तोंडानं मागायचं आस्तंय. आदी मलाच मागायचाय, पर माजा नंबर घ्या तुमी. पोरीला पुडं हू द्या."

गुरवानं मान हलवली. "रीत तशीच हाय खरी. पोरींना कुणी इचारू देत न्हाय, ही गोष्ट येगळी."

नलू अठरा वर्षांची. वडिलांसमोर कधी मान वर केलेली नव्हती. ती पुढं झाली, गुरवानं पुन्हा ओली फुलं चिकटवली. मला वाटलं, ती लग्नाचंच विचारणार. तिनं विचारलं, "आई, मी रगात तपासून घिऊ का?"

आम्ही थांबलो. फुलं हलेचनात. शकू रडायची थांबली. डावं फूल जरासं घसरलं आणि माझा जीव टांगणीला लागला. मग उजवं पडलं.

ओली फुलं कधीतरी पडणारच, हे मलाही कळतं. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. पण आत्यांनी ते फूल उचललं, कपाळाला लावलं आणि पदराच्या गाठीत बांधलं; तपासणीला त्यांचा विरोध तिथंच संपला. मी भानावर येऊन मागं वळले तोवर गुरवानं पुढच्यांना घेतलं होतं. ती बाई मला दिसली नाही.

दवाखान्यात पुन्हा एक अडलं. तिथले साहेब म्हणाले, तपासणीचा कागद घरातल्या कर्त्या माणसाच्या हाती देऊ. मी पदर खोचून उभीच राहिले, "रक्त तिचं, तर कागद तिच्याच हातात पडेल." पडला. नलूच्या रक्तात दोष होता; मग सुरेशचंही तपासलं, त्याच्याही निघाला. आत्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मग," आणि रात्री जेवल्या नाहीत.

नलू पुढं बघायला येणाऱ्यांना स्वतः सांगायची. दोन ठिकाणांहून नकार आला, आत्यांची भीती खरी ठरायला लागली. तिसरा करकंबचा मास्तर. तो हसून म्हणाला, "माझं तपासायचंय? घ्या की, त्यात काय!" त्याचं रक्त निर्दोष निघालं. शकूच्या रक्ताशी गटही जुळला, म्हणून पुढं दर तीन-चार महिन्यांनी तो एस.टी.नं येऊन तिच्यासाठी रक्त देऊन जायचा.

नलूची मुलगी वर्षाची झाली तेव्हा ती आमच्याकडं आली. डॉक्टर शकूची नखं दाबून बघायचे, तशी शकूनं त्या बाळाची नखं दाबून बघितली. सोडलं की लालबुंद.

"आई, हिला सुई न्हाय ना टोचायची?"

"नाही गं."

"बरं झालं," शकू म्हणाली. "लई दुकतं."

त्या संध्याकाळी दिवा मी लावला. रागातच लावला, पण लावला.

शकू पंधराव्या वर्षी गेली. पुढं बऱ्याच वर्षांनी पेपरात वाचलं, मगज बदलून ह्या आजाराची मुलं बरी व्हायला लागलीत. डॉक्टरांचा तो दिवस आला, माझ्या पोरीसाठी उशिरा आला. पेपर घडी घालून ठेवला आणि देवीला चार शब्द सुनावले. अजूनही सुनावते. शरण जायचं म्हणजे गप्प बसायचं असं मला वाटायचं. नलूनं दाखवलं की आपलं दुखणं न झाकता, आपल्या तोंडानं विचारायचं, आणि मग जे पडेल ते पदरात घ्यायचं.

त्या बाईला काय मागायचं होतं, कुणास ठाऊक. तिचं नावही मी विचारलं नाही. आपला नंबर आम्हाला देऊन ती मागं राहिली. रोज दिवा लावताना देवीला मी आधी तिचंच विचारते, तिचं काम केलंस ना गं? भांडायचं ते त्यानंतर.