खालून दुसरा खण

बाजाराच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरमागे उभे असलेल्या गृहस्थांना सगळा रस्ता ‘अर्धे डॉक्टर’ म्हणतो. पूर्ण डॉक्टरकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, अर्ध्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत काम होतं. या नावावर ते मनातून खूश होते. ‘छे, छे, कसला डॉक्टर’ असं म्हणताना त्यांची मान थोडी वरच होत असे. गिऱ्हाईक पायरी चढून ‘काय झालंय माहितीये का...’ म्हणेपर्यंत त्यांचा हात मागच्या खणाकडे गेलेला असे. खोकला डावीकडे, पोट मधे, खाज उजवीकडे खालून दुसरा. खोक्यातला घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद ते आधी काढून घेत. माणूस तो वाचून उगाच घाबरतो, असं त्यांचं म्हणणं. सुट्या गोळ्यांच्या पुड्या बांधायला मात्र तो कागद नामी.

त्यांच्या कारकिर्दीला एकच बट्टा लागला होता, तोही घरात. बायकोला दिवस गेले तेव्हा पोटावर रेघा पडू नयेत म्हणून त्यांनी एक तेल आणलं होतं आणि ‘एक रेघ पडली तर नाव बदलीन’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. मुलगी झाली आणि पोटावर कलिंगडासारखे पट्टे उमटले. ते पुढे फिकट होत गेले, पण गेले नाहीत. बावीस वर्षं बायको अधूनमधून त्यांना एखादं नवीन नाव सुचवते.

मुलगी आता बेकरीत कामाला. भट्टीची धग आणि कोपरापर्यंत पीठ. सकाळी पावाचं पीठ मळायचं काम मालकीणबाई कुणाला सहजासहजी देत नसत, ते तिला दिलं होतं, आणि त्याचा तिला केवढा तोरा! घामाने तिच्या कोपराच्या आतल्या वळणात एक गोल, खाजरा चट्टा उठला.

“बाबा, बघा हो, फार खाजतंय.”

खालून दुसरा खण. त्या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र होती. एक बुरशीला, एक जंतूंना आणि तिसरं खाज नि लाली दाबायला. दोन दिवसांत खाज गायब. “बघितलंस?” अर्धे डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवसांनी चट्टा परत आला, जरा मोठा होऊन. परत ट्यूब. असं सात महिने चाललं. चट्टा आणि ट्यूब यांची जणू पाळी ठरली होती.

मग रेघा आल्या. कोपराच्या वळणातून दंडाकडे चढलेल्या, बोटभर लांब, लाल-जांभळ्या, हात फिरवला तर किंचित खोलगट.

“वाढीच्या आहेत,” अर्धे डॉक्टर म्हणाले.

“बाविसाव्या वर्षी?” बायको म्हणाली. “आता काय विजेच्या खांबाएवढी होणारे का ती?”

त्यांनी दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली आणली. बायकोने ती उजेडात धरून पाहिली. “हे मेलं परत आलं का!”

मुलगीही हसली. पण आठवडाभराने मालकीणबाईंनी तिला पिठाच्या पोत्यांमागे नेलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, “घरी कुणी मारतं का गं तुला? मला सांग, घाबरू नकोस.” ती तिथेही हसली. मात्र घरी येताना ते हसू वाटेत कुठे तरी सांडलं. दुसऱ्या दिवसापासून तिने लांब बाह्या घातल्या. लांब बाह्यांनी पीठ कसं मळणार? चार दिवसांनी तिला मळण्यावरून काढून मागे खोकी बांधायला बसवलं. हे तिने जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. अर्ध्या डॉक्टरांचा घास हातातच राहिला. ‘मारतं’ हा शब्द त्यांना जेवणभर ऐकू येत राहिला.

म्हणून ते तिला पूर्ण डॉक्टरकडे घेऊन गेले. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

“हे स्ट्रेच मार्क आहेत. वरचं कापड शाबूत आहे, आतलं अस्तर उसवलंय. पोट वाढताना, उंची वाढताना ते ताणून उसवतं. तुझं औषधाने पातळ होऊन उसवलंय. काय लावत होतीस?”

“एक ट्यूब. खाजेची.”

“वाटलंच. त्यात जोरदार स्टेरॉइड असतं. खाज दाबली जाते, बुरशी मात्र मजेत वाढते. कुणी दिली?”

मुलीने क्षणभर वडिलांकडे पाहिलं. “मेडिकलमधून,” ती म्हणाली.

“या दुकानदारांना ना...” डॉक्टरीणबाईंनी वाक्य गिळलं.

“हो ना,” अर्ध्या डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, “काय एकेक लोक असतात!”

ते ऐकून त्यांना स्वतःचे कान उपटावेसे वाटले. पण शब्द सुटला होता. बाईंनी पुढे सांगितलं: ती ट्यूब बंद. बुरशीचं साधं औषध, सांगितलेले सगळे आठवडे. रेघांना रात्री लावायचं एक क्रीम. रेघा अजून लाल आहेत तोवर त्याचा थोडा उपयोग होतो. पुढे वाटलं तर लेझर. “पूर्ण जातील असं मी म्हणणार नाही. फिकट होतील, पांढुरक्या होतील. वर्ष, दोन वर्षं.”

घरी येताना मुलगी त्यांच्या दोन पावलं पुढे चालली.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरचा न्हावी आला. “डॉक्टर, आपली ती ट्यूब.”

हात सवयीने खालून दुसऱ्या खणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

“काय हो, हात अडकला का?”

“शर्ट काढ.”

“अहो, इथे? मी गिऱ्हाइकांचे सदरे काढतो, माझा कुणी नाही काढत!”

“काढ म्हणतो ना.”

काखेत तशाच रेघा होत्या. जाड, लाल. “बायको म्हणते जाड झालोय,” न्हावी ओशाळून म्हणाला.

“जाड नाही झालास. ते मी केलंय.” त्यांनी त्याला डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. ती ट्यूब आणखी कोणाकोणाला दिली? शाळेची शिपाईण, तिचा भाऊ, इस्त्रीवाला, त्याची सून... बोटं संपली तेव्हा त्यांनी मोजणं सोडलं, दुकानाच्या मालकाला ‘डोकं दुखतंय’ म्हणून सांगितलं आणि चार वाजताच घर गाठलं. दुखण्यावरच्या गोळीची आठवणसुद्धा त्यांना झाली नाही.

मायलेकी चहा घेत होत्या.

“ट्यूब मी दिली होती,” ते दारातूनच म्हणाले.

“हे आम्हाला माहीत नव्हतं होय?” बायको म्हणाली.

“मग तिथे माझं नाव का नाही घेतलंस, बाळा?”

मुलीने कप खाली ठेवला. “तुम्ही घ्याल म्हणून थांबले होते.”

बायको म्हणाली, “माझ्या अंगावर हिच्यामुळे, हिच्या अंगावर तुमच्यामुळे. माझ्याकडे निदान दाखवायला मुलगी तरी आहे.” विनोद होता, पण ती स्वतःही हसली नाही.

अर्ध्या डॉक्टरांनी खिशातून नवं क्रीम काढलं आणि सवयीने खोकं उघडून कागद बाजूला काढायला लागले. मुलीने हात पुढे केला. क्रीमसाठी नाही, कागदासाठी. उजेडाकडे वळून तिने तो घडी घडी करत पूर्ण उलगडला. केवढा लांब निघाला तो! डोळे बारीक करून तिने दोन ओळी वाचल्या आणि तो त्यांच्यापुढे धरला.

“अक्षर फार बारीक आहे. चष्मा लावा आणि मोठ्याने वाचा.”

“सगळा?”

“सगळा.”

त्यांनी चष्मा लावला. सव्वीस वर्षांत असले कागद हजारोंनी हातातून गेले होते. आत काय असतं ते आज पहिल्यांदाच वाचत होते. “गरोदर स्त्रियांनी वापरू नये... अगदी पातळ थर... उन्हापासून...” मधेच ते थांबले. त्यांनी कागद खाली घेतला.

मुलीने बाही कोपराच्या वर सारली. त्या रेघा त्यांच्यासमोर तशाच राहू दिल्या.

“थांबू नका, बाबा. मागची बाजू राहिलीये.”