खोड आधी सांगायची

तर पारनेरचा कानिफनाथ बैल घेऊन भागवतच्या दारात उभा राहिला, इथवर काल आलो होतो. पायी आलेला. पारनेरहून काष्टीपर्यंत, वाटेत एक मुक्काम करून. स्वतः धुळीनं माखलेला, आणि बैल मात्र नदीवर धुऊन आणलेला. भागवत तेव्हा बावीस वर्षांचा. बाप नुकताच गेलेला, बैलांच्या खरेदी-विक्रीचा धंदा अंगावर पडलेला. मागच्याच बाजारात त्यानं हा बैल कानिफनाथाला विकला होता आणि विकताना एक गोष्ट गिळली होती. बैल बसका होता. नांगराला जुंपला की दहा तासं, म्हणजे नांगराच्या दहा ओळी, झकास ओढायचा आणि अकराव्या तासात फतकल मारायचा. मग शेपूट पिरगाळा नाहीतर मंत्र म्हणा, उठायचा नाही.

भागवतला वाटलं, आता हा माणूस गाव गोळा करणार. कानिफनाथानं बैल खुंट्याला बांधला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "सांगितलं असतंस तरी घेतला असता रे. गाडीला लावला असता, नांगराला जुपलाच नसता. आता त्यानं चाबूक खाल्ला तो तुझ्यापायी."

बस, एवढंच. पैसे परत घेतले, जेवायला बसवलं तर जेवलासुद्धा, वर चटणी मागून घेतली. बैलाच्या पाठीवर वळ उठले होते, भागवतची नजर मात्र तिकडंच जात होती.

त्या गोष्टीला आज सेहेचाळीस वर्षं झाली. जनावर विकताना बोली करायची, खोड असेल ती सांगायची, ही बाजाराची रीत जुनीच आहे. पण सांगणारे कसे सांगतात? तोंडात तंबाखू धरून, शेजारच्या गाईकडं बघत, बरोबर टेम्पोचा हॉर्न वाजेल तेव्हा. भागवत बैलाच्या वशिंडावर हात ठेवतो आणि लग्नात नाव घ्यावं तसा खणखणीत बोलतो. हा उजवीकडं जुपला तर लाथ घालतो. हा पावसात बुजतो. ह्याला बायामाणसानं वैरण घातलेली चालत नाही, का ते त्यालाच माहीत. हे सगळं झाल्यावर मग उपरण्याखाली हात जातात आणि बोटांवर भाव ठरतो. बाकीचे व्यापारी हसायचे. एकानं विचारलंसुद्धा, "भागवत, तुझ्या बैलात एखादा गुण हाय का न्हाई?" भागवत म्हणाला, "गुण तुला दिसतोय की. न दिसणारं मी सांगतो." सुरुवातीची तीन-चार वर्षं धंदा बसला. नंतर लोक लांबून यायला लागले, आणि आता शर्यतीच्या बैलाचे दाम आभाळाला भिडले असताना तर पोरं मोबाईलवर भागवतचा आवाज भरून नेतात, पुराव्याला.

घरात मात्र हा गडी मुका. बायको गेली तेव्हा मुलगा अमृत दहावीत. तेव्हापासून घरात दोन पुरुष आणि गोठ्यात चार-सहा बैल, आणि बोलणं काय ते बैलांशी. अमृत पुढं साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागला, त्याचं लग्न झालं. सून आली धनश्री, खर्डा गावची. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, रोज स्कूटीवर श्रीगोंद्याला जायची. शिकलेली, पण आवाज इतका बारीक की "मामा, जेवायला वाढलंय" हे भागवतला तिसऱ्या हाकेला ऐकू जायचं. सासऱ्याला मामा म्हणायची आपल्याकडची पद्धत.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले, आणि पाचव्या महिन्यात पोट पडलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कुणाचा दोष नाही, असं होतं कधीकधी. पंधरा दिवसांनी ती परत लॅबमध्ये जायला लागली. घरात त्या गोष्टीचं नाव कुणी काढलं नाही. दोघा पुरुषांना वाटलं, हाच समजूतदारपणा.

वर्षभरानं लॅबमधली विजया तिला नगरला एका मोफत कार्यक्रमाला घेऊन गेली. आयुष्य बदला, स्वतःला जिंका, असलं काहीतरी. व्यासपीठावर आदिनाथ नावाचे एक तरुण गृहस्थ, सगळे त्यांना आदि सर म्हणत. त्यांनी पाचशे माणसांना उभं केलं आणि सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाला तुम्ही काय गमावलं ते सांगा, आणि ऐकणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. एका परक्या बाईनं धनश्रीचा हात धरून दहा मिनिटं नुसतं ऐकून घेतलं. धनश्री घरी आली ती वेगळीच. पहाटे पाचला उठून अंगणात हात वर करून हसायला लागली. बचत गटाच्या बैठकीत उभी राहून बोलली. अमृतला म्हणाली, जेवताना मोबाईल बाजूला ठेवत जा, आणि त्यानं ठेवला. भागवतला कोण आनंद. बाजारात ओळखीच्या माणसाला गाठून सांगायचा, आमची सून माईकवर बोलते, वाटलं तर येऊन ऐका. असल्या कार्यक्रमांची कुणी टिंगल केली की भागवत त्याच्यावर धावून जायचा.

मग दुसरं शिबिर झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धनश्री गोठ्यात आली, पेंड भिजवता भिजवता म्हणाली, "मामा, मला कळलं. बाळ का गेलं ते."

भागवतचा हात बैलाच्या मानेवरच थांबला.

"माझ्या मनात भीती होती," ती म्हणाली. "आपण ज्याला भितो त्याला आपणच बोलावून घेतो. सर म्हणाले, जबाबदारी घ्या. मी घेतली."

आणि हसली. रडली असती तर भागवतला परवडलं असतं. त्या हसण्यात सुटका होती. डॉक्टरीणबाईंच्या 'कुणाचा दोष नाही' याचं काय करायचं ते तिला वर्षभर उमगलं नव्हतं; आता निदान दोष कुठं ठेवायचा ती जागा सापडली होती. भागवतनं आपल्या परीनं सांगून पाहिलं, अगं, गाईनं गाभ टाकला तर आपण गाईला बोल लावतो का? ती समजुतीनं म्हणाली, मामा, तुम्ही जुन्या विचारात अडकलाय. मग पुढचा बेत सांगितला. तिसऱ्या शिबिरात फॉर्म भरायचा, लॅब सोडायची, सरांच्या हाताखाली स्वतःच कोच व्हायचं आणि ज्यांची बाळं गेलीत अशा बायकांना हेच शिकवायचं.

अमृतचं म्हणणं, तिला बरं वाटतंय ना, मग तुमचं काय जातंय, दादा. पण धनश्री अंगणात हात वर करून हसायला लागली की भागवतला त्या बसक्या बैलाच्या पाठीवरचे वळ दिसायचे.

तिसऱ्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावणं होतं. नगरचं मंगल कार्यालय, आत गारठा, पांढरे कपडे चढवलेल्या खुर्च्या, ढोल वाजतोय, धूर सोडलाय. भागवत धोतर आवरून तिसऱ्या रांगेत बसला आणि सवयीनं आदि सरांना निरखायला लागला. चाल चांगली, छाती भरदार, आवाज लांब जाणारा. दात इतके पांढरे की वय काढायला मार्ग नाही. मग फळ्या मोडायचा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येकानं पातळ फळीवर आपली कमजोरी लिहायची आणि हाताच्या एका फटक्यात ती मोडायची. टाळ्यांचा पाऊस. भागवत शेजारच्या अमृतला म्हणाला, "देवदाराची हाय. लाकडाच्या शिरंवर मारली तर शेळीबी मोडंल. बाभळीची आना म्हनावं." अमृतनं त्याला कोपरानं ढोसलं.

धनश्रीची पाळी आली. तिनं फळी दोन्ही हातांनी उंच धरून सगळ्यांना दाखवली. भागवतचं शिक्षण गावच्या शाळेत दुसरीपर्यंत, अजूनही अक्षर अक्षर लावून वाचतो. त्यानं वाचलं. 'भित्री आई' असं लिहिलं होतं.

फळी एका फटक्यात मोडली. लोक उभे राहिले. धनश्री हात झटकत हसत होती. त्यानंतर घरच्यांचा सत्कार, म्हणून भागवतला वर नेलं, गळ्यात हार घातला, आणि आदि सरांनी माईक त्याच्यापुढं धरला. म्हणाले, काका, सुनेबद्दल दोन शब्द बोला.

भागवतनं हार काढून धनश्रीच्या हातात दिला. मग पुढं होऊन सरांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, हात ठेवला. ज्यांना काष्टीचा बाजार माहीत होता ते मागं कुठंतरी आधीच हसायला लागले.

"साहेब, तुमचा माल चांगला हाय," भागवत म्हणाला. "पोरगी बोलायला लागली, त्याचं श्रेय तुमचं, मी न्हाई म्हनत न्हाई. पन आमच्या बाजारात इकनाऱ्यानं खोड आधी सांगायची रीत हाय. तुमी तीन दिवस गुनच सांगितलं. आता खोड सांगा."

सभागृह हसलं. सरही हसले, मुरलेले गृहस्थ. म्हणाले, माझ्यात फक्त ऊर्जा आहे काका, खोड शोधून सापडणार नाही. टाळ्या पडल्या. भागवतनं टाळ्या संपू दिल्या. पाठीवरचा हात काढला नाही.

"मंग मी इचारतो. पोटातलं लेकरू हिच्या भीतीनं गेलं, हे तुमाला कुनी सांगितलं? तुमी डॉक्टर हाय का? आनि उद्या ते खोटं निघालं, तर माघारी घ्यायला कोन येनार?"

धनश्रीच्या हातातला हार खाली आला. फॉर्म वाटणारी पोरं होती तिथं थांबली. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, फक्त डोळे फिरले. पण माणूस हुशार, डाव उलटवणं त्याला येत होतं. त्यांनी माईक स्वतःकडं घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, "काका, दुसऱ्याची खोड काढणं फार सोपं असतं. तुमची स्वतःची सांगाल? इथं, सगळ्यांच्या समोर? आहे हिंमत?" आणि माईक परत भागवतच्या तोंडाशी धरला. खालून शिबिरातली मंडळी टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायला लागली, सांगा, सांगा, सांगा.

भागवत काय बोलला ते सांगायच्या आधी पुढचं सांगून मोकळं होऊ, कारण त्याच्या बोलण्यावर आपण चिकटवावं असं काही नाही. सरांनी उत्तराऐवजी कुणाला तरी खूण केली, ढोल सुरू झाला, धूर आला, आणि दोन स्वयंसेवकांनी भागवतला हाताला धरून अगदी आदरानं खाली आणलं. पुष्कळांनी त्या दिवशीही फॉर्म भरले. श्रीगोंद्याची एक बाई पुढच्या बाजारात शोधत आली आणि म्हाताऱ्यानं चांगला कार्यक्रम नासवला म्हणून भांडून गेली. भागवतनं तिला चहा पाजला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. अमृत चार दिवस बापाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी काट्यावरून लवकर घरी आला आणि ओट्यावर धनश्रीच्या शेजारी बसला. काय बोलले ते त्यांनाच माहीत, पण चहा दोनदा झाला.

धनश्री त्या दिवशी व्यासपीठाच्या पायरीवरच बसली होती. हार मांडीवर, आणि वर्षभराचं रडणं एकदम आलं, ढोलातही ऐकू येईल असं. फॉर्म भरला नाही. लॅबमध्येच आहे. पाचला अजून उठते, बचत गटात पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलते, आणि परवा तर भागवतला म्हणाली, मामा, आवाज कमी करा, माझं बोलणं चाललंय. फळीचे दोन तुकडे तिनं बरोबर आणले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवायच्या बंबात घातले आणि त्या पाण्यानं न्हाली.

तर टाळ्यांचा तो ठेका चालू होता. सांगा, सांगा. भागवतनं सरांच्या पाठीवरचा हात काढला आणि स्वतःच्या मानेवर ठेवला, बैलाच्या मानेवर जू बसतं तिथं. ठेका आपोआप थांबला. मग तो बाजारात बोलतो त्या आवाजात बोलला, माईक नसता तरी चाललं असतं.

"सांगतो की. खरं तर इकनाऱ्यानं आधी सांगायची, पन तुमचा धीर होत न्हाई तर माझी घ्या. ही पोरगी दवाखान्यात पडली हुती त्या दिशी मी बाजारात हुतो. निरोप आल्ता. तरी सौदा उरकला आनि मंग गेलो. त्यानंतर वरीसभर मी एकदाबी तिला इचारलं न्हाई, की बाई, तुला कसं वाटतंय. बैलाला रोज इचारतो, तिला न्हाई इचारलं. घरात दोन बाप्ये, दोघांच्या तोंडाला कुलूप. म्हनून ती तुमच्या दारात आली. आमी ऐकलं असतं तर तुमच्या त्या परक्या बाईला काय काम हुतं? ही माझी खोड, माझ्या मानेवर ऱ्हाऊ द्या, तिच्या पाठीवर नको. लेकरू तिच्या भीतीनं गेलं न्हाई. ती भित्री न्हाई, त्या फळीवर खोटं लिवलं हुतं. झाली माझी बोली, समद्यांच्या देखत. आता तुमची सांगा. मी थांबलोय, मला काय घाई न्हाई."